नाव तेच, लिव्हर लांब!



मालेगावच्या बैठकीला निघालेली आमची जुनी डिझेल जीप राहुड घाटात बंद पडली. फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरले होते. नाशिकहून नवा पंप मागवला. डब्यावर गाडीचे नाव बरोबर, पण लिव्हर दोन सूत लांब! असा लिव्हर पडदा जादा ताणतो, तो पुन्हा फाटतो. आखूड असला तर चढावर डिझेल पुरत नाही. मिस्त्री म्हणाला, "जाड पॅकिंग टाकून बसवू." तेवढ्याने गाडी घरी पोचते, हंगाम निघत नाही.

दुकानदाराने पंप परत घेतला नाही. आम्ही जुना पंप नमुन्याला पाठवला नाही, पक्की पावती घेतली नाही, ही चूक आमची. (इतरांना शिकवणारे आम्हीच!)

सातपुरात जीपगाड्या तयार होतात, डिझेलची नोझलही बनतात. तरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने पार्ट अंदाजाने घ्यायचा? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारी आहेत, शेतीची अवजारेही आहेत. आमची मागणी एवढीच: नंबर पार्टाच्या लोखंडावर उठवा आणि न जुळलेला पार्ट परत घ्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला न बसलेले पार्ट आणि पावत्या घेऊन या.