दुखत नसताना मणका 'बसवून' घ्यायचा का?

मोबाइलवर रील्स पाहताना मान-पाठीचा 'कडक' आवाज हल्ली सारखा कानावर पडतो. त्याला जोडून सल्लाही येतो: दुखत नसलं तरी दर महिन्याला कायरोप्रॅक्टरकडे जा, अम्मी-अब्बांना न्या, मुलांनाही न्या. पण ज्याला काहीच त्रास नाही, त्याला यातून मिळतं काय?

या दाव्याचं मूळ १८९५ मध्ये आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. मणके जागेवरून सरकले की मज्जातंतूंवर दाब येतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये सांगितलं की, असा 'सरकलेला मणका' आजाराचं कारण असल्याचा संशोधनातून पुरावा नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासले. या उपचाराने आजार टळतात, असं त्यांना आढळलं नाही.

मग सगळंच खोटं का? तसंही नाही. कंबरदुखीत काहींना आराम पडतो. स्वीडनमध्ये ३२८ रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरावीक काळाने उपचार घेत राहणाऱ्यांना वर्षभरात त्रासाचे सुमारे १३ दिवस कमी आले. पण हे सगळे वारंवार कंबर दुखणारे आणि आधीच या उपचाराने आराम पडलेले लोक होते. त्यांचा फायदा निरोगी माणसाच्या खात्यावर कसा मांडणार?

तो 'कडक' आवाजही मणका बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. उलट मानेला जोराचा झटका दिल्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. असं क्वचितच घडतं. पण काही दुखतच नसेल तर तेवढी जोखीम तरी का घ्यावी?

लहान मुलांबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. ऑस्ट्रेलियातील कायरोप्रॅक्टिक मंडळाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील बाळांचे मणके हाताळण्यास मनाई केली. पुढे ती सैल झाली, पण आरोग्यमंत्र्यांच्या आक्षेपानंतर २०२४ मध्ये पुन्हा लागू झाली.

म्हणून वर्षभराचं पॅकेज घेण्याआधी विचारा: नेमका कोणता आजार टळणार? पुरावा काय? तुमचं शिक्षण किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शनानुसार, वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्याने किमान ४,२०० तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. हातापायाला मुंग्या येत असतील, ताकद कमी वाटत असेल, तर मान मोडून घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि तब्येत ठणठणीत असेल, तर आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. त्याचे फायदे सिद्ध झालेले आहेत आणि खिशालाही झळ नाही.