इन्हेलर म्हणजे चैन नव्हे

‘गरिबाने इन्हेलरच्या नादी न लागता गोळ्यांवर भागवावे’ हा एका पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. दम्यावरच्या साल्बुटामॉलच्या गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम औषध असते. इन्हेलर पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. गोळीचे औषध अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडते. मग स्वस्त काय पडले?

इन्हेलरच्या महागाईची त्यांची तक्रार मात्र खरी. माझ्या आईला सीओपीडी हा फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे (विडीला कधी शिवली नाही, जन्म चुलीच्या धुरात गेला). पंप परवडेना, तेव्हा डॉक्टरांनी पावडरीच्या कॅप्सूल लिहून दिल्या. कॅप्सूल यंत्रात बसवायची, पिळा देऊन उघडायची, तोंडाने जोरात ओढायची. यंत्र पुन्हा पुन्हा वापरता येते. ओढायला दम नसेल त्याला मात्र पंप आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसरच बरा.

टायोट्रोपियम, ब्यूडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही औषधे 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. यादीतल्या प्रकारांच्या कमाल किमतीवर सरकारी बंधन असते. तेव्हा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि आधी जनऔषधी केंद्रात चौकशी करा. खर्चापायी परस्पर इन्हेलर बंद मात्र करू नका.

– एक वाचक, सातारा