आजीचे लुगडे आणि मुलीची साडी



प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहिण्यास दोन लहानसे प्रसंग कारण झाले. गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी एका विद्यार्थिनीने आपल्या आजीस, "नऊवारी नेसून शाळेत येऊ नकोस," असे बजावल्याचे माझ्या कानी आले. त्याच आठवड्यात एका पालकांनी आपल्या थोरल्या कन्येच्या जीन्सविषयी खेद व्यक्त करून, "आमच्या आयांच्या साडीतील मर्यादा आता उरली नाही," असे मला ऐकविले. नातीला आजीची लाज वाटते, आणि पित्याला कन्येची! ह्या दोघांसही माझे उत्तर एकच आहे.

ज्या साडीत त्या पित्यास मर्यादा दिसते, ती पाचवारी गोल साडी महाराष्ट्रात फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई-पुण्याच्या मुली ती नेसू लागल्या, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांस थोडे का बोल लाविले? कासोटा सुटला म्हणजे कुलीनता सुटली, अशी पुष्कळांची समजूत होती; विकच्छ वस्त्राने देवकार्यास बसू नये, असेही सांगण्यात येई. वस्तुतः गोल साडीने घोटे झाकले जातात, नऊवारीत पोटऱ्या दिसतात. 1883 साली अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांनी तेथील थंडीत पाय झाकले जावेत म्हणून गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला, तो काही छानछोकीसाठी नव्हे.

पुढे दुसरे महायुद्ध आले. 1943 साली सरकारने कापडावर नियंत्रण बसविले आणि वार-वार कापडाचा हिशेब घरोघर होऊ लागला. दोन लुगड्यांस अठरा वार कापड लागते. तेवढ्यात पाचवारी तीन पातळे होऊन तीन वार उरतात, व त्यांचा एक परकर होतो. शाळा-कॉलेज, कचेरी, ट्राम आणि बोलपटांतील नट्यांचे अनुकरण ह्या गोष्टींनी नव्या नेसणीस हातभार लाविला हे खरे; परंतु गृहिणीचा हा हिशेबही विसरता कामा नये. म्हणजे ज्यास लोक थिल्लरपणा म्हणत होते, त्यात काटकसरही होती.

मग नऊवारी नेसणाऱ्या स्त्रिया मागासलेल्या होत्या काय? मुळीच नाही. आपली शाळा ज्या कॉटन ग्रीनला आहे, त्या स्थळाचे नावच कापसावरून पडले. कापसाचा हा बाजार प्रथम फोर्टातील हिरवळीवर भरे. 1844 साली तो कुलाब्यास गेला व विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इकडे शिवडीच्या बाजूस आला. येथील वखारींतील कापूस परळ-लालबागच्या गिरण्यांत जाई, आणि तेथे सहस्रावधी स्त्रिया कासोटा घट्ट खोचून सुताच्या कांड्या भरीत. यंत्राजवळ आठ-आठ तास उभे राहणाऱ्या स्त्रीस त्याहून सोयीचा पेहराव कोणता? घोड्यावर बसण्यास किंवा शेतात वाकण्यासही तोच सोयीचा होता.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझी आजी अशाच एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. मी सातवीत असताना ती मला घ्यावयास शाळेच्या फाटकाशी आली. तिचे विटके हिरवे लुगडे पाहून मैत्रिणी हसल्या, आणि "ही आमच्या शेजारची," असे मी त्यांस सांगितले. आजीने ते ऐकले. वाटभर ती काही बोलली नाही. घरी आल्यावर नेहमीप्रमाणे तिने मला चहा-पाव दिला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर तिची गिरणी पुन्हा उघडली नव्हती. तरी पूर्वी साठविलेल्या पैशांतून माझी फी ती भरीत असे, हे मला फार उशिरा कळले. त्या वेळी क्षमा मागण्यास आजी राहिली नव्हती.

आज तेच नऊवारी शिंप्याकडून शिवून घेऊन गुढीपाडव्याच्या दिवशी गिरगावच्या शोभायात्रेत तरुणी मोटारसायकलवर मिरवितात, आणि एके काळी निंदिलेली गोल साडी 'परंपरा' म्हणून मुलींच्या गळी उतरविली जाते. कापड तेच, बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टी. ह्यावरून हे उघड होते, की वस्त्रावरून स्त्रीच्या शीलाची परीक्षा करणाऱ्यांचा निकाल तीस-चाळीस वर्षेसुद्धा टिकत नाही.

म्हणून पालकांस माझी विनंती, की मुलीच्या वस्त्राविषयी बोलावयाचेच झाल्यास तीन गोष्टी विचाराव्या: ते तिच्या कामास सोयीचे आहे काय, मुंबईच्या हवेस मानवते काय, आणि घरच्या मिळकतीस झेपते काय? शीलाचा प्रश्न कपाटातील कपड्यांपाशी आणू नये. तो वागणुकीपाशीच विचारावा, व मुलांसही तितक्याच कसोशीने विचारावा.

आणि विद्यार्थिनींनो, तुम्हांस आवडेल ते नेसा व ल्या. पण पुढील संमेलनास आजीला घेऊन या. तिला जे नेसावेसे वाटेल ते नेसून येऊ द्या, आणि मैत्रिणींनी विचारले तर, "ही माझी आजी," असे मोठ्याने सांगा.