उपग्रहाचं इंटरनेट येणार, खरं कोल्हापूरच्या डोंगरी वाड्यांचा नंबर लागणार का?

कोल्हापूर : राज्य सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी या कंपनीशी हात मिळवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्यावेळी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं घेतली गेली. कोल्हापूरचं नाव त्यात नव्हतं.

कारण उघड आहे. कोल्हापूर म्हटलं की ऊस, दूध आणि साखर कारखाने. सरासरी काढली की जिल्हा सधन दिसतो. पण त्याच सरासरीखाली शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगडच्या डोंगरातल्या वाड्या आणि धनगरवाडे झाकले जातात. रेशनला अंगठा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, पिकाची ई-पीक पाहणी, पोरांचे ऑनलाइन फॉर्म, सगळं मोबाईलवर आलं. जिथं रेंज नाही तिथला माणूस ओटीपीसाठी टेकाड चढतो, नाहीतर एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जातो.

पाटपाणी आणि ठिबक

जुने उपग्रह एकच मोठा झोत सगळ्या देशावर सोडायचे. टीव्हीला ते चालतं, कारण सगळ्यांना एकच चित्र दाखवायचं असतं. इंटरनेटला प्रत्येकाचं काम वेगळं. म्हणून नवे जास्त क्षमतेचे उपग्रह अनेक छोटे झोत सोडतात आणि लांबच्या दोन झोतांत तीच लहर पुन्हा वापरतात. मोकळं पाणी सोडायचं बंद करून ठिबक बसवावं, तसा हा प्रकार. तेवढ्याच पाण्यात जास्त रान भिजतं.

आपल्या देशाचा जीसॅट-एन२ हा असाच उपग्रह. वजन ४,७०० किलो. आपल्या रॉकेटला एवढं वजन त्या कक्षेकडे नेता येत नसल्याने १९ नोव्हेंबर २०२४ रोजी तो अमेरिकेतून स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटने सोडला. त्याचे झोत ३२. त्यातले ८ अरुंद झोत ईशान्येकडच्या राज्यांसाठी आणि २४ रुंद झोत उरलेल्या देशासाठी आहेत.

हिशेब करून बघा

या उपग्रहाची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट, म्हणजे ४८,००० एमबीपीएस. एका जोडणीला १० एमबीपीएस सलग द्यायचं म्हटलं तर एकावेळी ४,८०० जोडण्या झाल्या. त्याही सगळ्या देशात! सगळेजण एकाच वेळी वापरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात गिऱ्हाइकं बरीच जास्त घेता येतात. पण एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात हजाराहून जास्त ग्रामपंचायती आहेत, हे ध्यानात घ्या. दुसरीकडं जमिनीतल्या केसाएवढ्या फायबरच्या एका जोडीतून याच्या कितीतरी पट डेटा जातो.

जीसॅट जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहे. त्यामुळं विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर बोलताना हे जाणवतं. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात, म्हणून तिथं हा उशीर जवळपास नाही. पण क्षमतेची मर्यादा त्यांनाही आहे. देशात स्टारलिंकच्या २० लाखांपर्यंतच जोडण्या होऊ शकतील, असं केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं.

पैसा आणि पाऊस

डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकच्या वेबसाइटवर महिन्याला ८,६०० रुपये आणि यंत्राला ३४,००० रुपये असे आकडे झळकले. ते चाचणीचे आकडे चुकून दिसले, दर जाहीर केलेले नाहीत, असा खुलासा कंपनीने केला. दर याच्या निम्मा धरला तरी धनगरवाड्यावरच्या एका घराला तो झेपणारा नाही.

दुसरी अडचण पावसाची. या उपग्रहांच्या लहरी जोराच्या पावसात कमजोर पडतात. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्याला. म्हणजे जिथं गरज मोठी, तिथंच आषाढात जोडणी तुटायची शक्यता जास्त. शिवाय डिशला मोकळं आभाळ लागतं. झाडीत किंवा कड्याच्या आडोशाला बसवली तर उपयोग नाही.

शिरोळची गोष्ट वेगळी. तिथं पूर येतो तो वरच्या पाण्यानं आणि धरणांच्या विसर्गानं. स्थानिक पाऊस अनेकदा कमी असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गावंच्या गावं वेढली गेली. अशावेळी वीज जाते आणि टॉवरची बॅटरीही संपते. पूरपट्ट्यातल्या शाळेच्या गच्चीवर सौर बॅटरीसह एखादी डिश असेल तर बोटी मागवायला तरी संपर्क राहील.

मग मागायचं काय?

जिथं फायबर पोचलंय तिथं उपग्रहाच्या नादाला लागायचं कारण नाही. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केलेत. ग्रामपंचायतीत आलेली केबल बंद पडून असेल तर ती चालू करून घेणं हे पहिलं काम. उपग्रहाची थोडकी क्षमता राखून ठेवायला हवी ती फायबर चढू शकत नाही अशा वाड्यांसाठी. तिथंही घरोघरी नको. शाळा, अंगणवाडी किंवा आरोग्य उपकेंद्रावर एक सामाईक डिश पुरे. मात्र डिश बसली म्हणून शेतात रेंज येत नाही, वायफाय त्या इमारतीच्या आसपासच मिळतं. ओटीपीसुद्धा फोनवर वायफाय कॉलिंग चालत असेल तरच येईल.

जिल्ह्याचं नाव यादीत नाही म्हणून गप्प बसलं तर काहीच मिळणार नाही. ग्रामसभेत ठराव करून रेंज नसलेल्या वाड्यांची नावं, घरांची संख्या आणि जवळच्या फायबरपासूनचं अंतर लिहून गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं द्यावं. महिन्याचं बिल कोण भरणार, हेही त्याच ठरावात विचारावं. नाहीतर डिश बसते, फोटो निघतो आणि सहा महिन्यांत बिलापायी बंद पडते.

आणि एक, जोडणीच्या बुकिंगच्या नावाखाली कुणी गावात येऊन आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.