फनी गेम्स

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक क्रीडामहोत्सवाचं पत्रक दरवर्षी आमच्याच ओटीवर जन्माला येतं, कारण आमचे हे संघाचे कार्यवाह. चार-पाच निवृत्त गृहस्थ जमतात, मी तीनदा चहा करते आणि रात्री नऊच्या सुमाराला बाळ-बाळंतीण सुखरूप होतात. गेल्या अकरा वर्षांत या बाळाचं नाकडोळं काही बदललेलं नाही. 'पुरुष विभाग : कॅरम एकेरी, कॅरम दुहेरी, बुद्धिबळ, जलद चालणे.' आणि खाली एकच ओळ. 'महिला विभाग : फनी गेम्स.'

फनी गेम्स म्हणजे काय, हे ज्यांच्या नशिबी आलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तोंडात चमचा, चमच्यात लिंबू, अंगावर पाचवारी साडी आणि समोर खुर्च्यांवर बसून खदाखदा हसणारा पुरुष विभाग. मग संगीत खुर्ची. ज्या बायका घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत जन्मात कधी खुर्चीला टेकल्या नाहीत, त्यांना सत्तरीत खुर्चीसाठी पळवायचं! आणि शेवटी चिठ्ठी उचलून पैठणी. म्हणजे बघा, पुरुषाला कप मिळतो तो त्याने समोरच्याला हरवलं म्हणून, आणि बाईला पैठणी मिळते ती तिची चिठ्ठी निघाली म्हणून. कर्तबगारी तिकडे, नशीब इकडे. वर भाषणात म्हणायचं, "आमच्या भगिनींना पुरुषांपेक्षा महागडं बक्षीस दिलं."

यंदा मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "महिला विभागात गोल्फ घाला."

ओटीवर अशी शांतता पसरली की वाडीत सुपारी पडली तर ऐकू यावी. मग खजिनदार जरा सावरून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला विटीदांडू म्हणायचं आहे का?"

"गोल्फ," मी म्हटलं.

"अगं, वय काय तुझं?" इति आमचे हे.

"सदुसष्ट."

चारचौघांत बायकोने खरं वय सांगितलेलं बघून ह्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी संघाच्या पासबुकातली शिल्लकच जाहीर केली.

आता नागावसारख्या ठिकाणी, नारळी-पोफळीच्या वाडीत राहणाऱ्या बाईच्या डोक्यात गोल्फ शिरला कसा, ते सांगायला हवं. त्याचं पाप माझ्या भाच्याच्या माथ्यावर. तो खारघरला राहतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने गोल्फचं मैदान केलेलं आहे. हिवाळ्यात तो पोपटी खायला आमच्याकडे आला होता. मडकं भांबुर्ड्याचा पाला घालून जाळात लावलं होतं, वालाच्या शेंगा शिजायला अवकाश होता, म्हणून त्याने वेळ घालवायला फोनवर एक चित्रफीत लावली. एक म्हातारी, टोपी घातलेली, पांढरे केस, काठी घेऊन उभी. कंबर वळवली, हात वर गेले, खाडकन फटका! चेंडू सरळ रेषेत दिसेनासा झाला. "मावशी, ही जोॲन कार्नर," भाचा म्हणाला. "त्या वेळी एकोणऐंशी वर्षांची होती."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

ही गोष्ट जुलै २०१८ ची. शिकागो गोल्फ क्लबवर अमेरिकेतली बायकांची पहिली 'सीनिअर ओपन' स्पर्धा भरली. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची, थट्टेची नव्हे, राष्ट्रीय अजिंक्यपदाची. पहिला फटका मारायचा मान कार्नरबाईंना दिला होता. आपल्याकडे अशा मानाच्या म्हातारीने नारळ फोडावा, शाल घ्यावी आणि पहिल्या रांगेत पेंगावं अशी पद्धत आहे. बाई तसल्या नव्हत्या. पहिला फटका मारला आणि पुढे अठराही खड्डे खेळून काढले. किती फटक्यांत? एकोणऐंशी! वय एकोणऐंशी, फटके एकोणऐंशी. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितका खेळ चांगला, आणि आपल्या वयाइतक्या फटक्यांत फेरी संपवणं हा मोठा पराक्रम समजतात. भले भले खेळाडू त्यासाठी म्हातारपणाची वाट बघत असतात. जगातल्या इतर सगळ्या खेळांत वय वाढलं की माणूस बाद. हा एकच खेळ मला असा दिसला, की ज्यात दर वाढदिवसाला एक फटका माफ होतो. वाढदिवसाला गुडघ्याचा पट्टा भेट मिळणाऱ्या बाईला याचं मोल विचारा.

ती स्पर्धा जिंकली इंग्लंडच्या लॉरा डेव्हिसने. चोपन्न वर्षांची बाई, आणि जिंकली ती दहा फटक्यांनी.

इथवर मला नुसता आनंद झाला होता. डोकं फिरलं ते पुढे. मी भाच्याला सहज विचारलं, "पुरुषांची अशी स्पर्धा कधीपासून आहे रे?" तर म्हणाला, "१९८० पासून." २०१८ मधून १९८० वजा करा. अडतीस वर्षं! म्हणजे जी बाई पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेच्या वेळी पन्नाशीची होती, ती बायकांची स्पर्धा निघेपर्यंत अठ्ठ्याऐंशीची झाली. ती असलीच तर.

आणि त्यातली गंमत ऐका. १९८० साली पुरुषांसाठी वयाची अट पंचावन्न होती. अर्नोल्ड पामर हा त्यांचा लाडका खेळाडू तेव्हा पन्नाशीचा, म्हणजे अटीत बसेना. पुढच्याच वर्षी अट पन्नासवर आली आणि १९८१ ची स्पर्धा पामरसाहेबांनी जिंकली. पुरुषासाठी नियम पाच वर्षं खाली यायला एक वर्ष पुरलं, आणि बायकांसाठी मुळात स्पर्धाच निघायला अडतीस. आमच्या संघात कॅरमच्या बोर्डाची उंची अध्यक्षांच्या मानेच्या दुखण्याप्रमाणे दर वर्षी ठरते, त्यामुळे मला हे अजिबात परकं वाटलं नाही. बरं, पन्नाशीच्या हौशी बायकांची स्पर्धा अमेरिकेत १९६२ पासून होतीच. म्हणजे बाईने फुकट खेळायला कोणाची ना नव्हती. प्रश्न आला तो पैसे द्यायची वेळ आली तेव्हा. २०१८ साली या बायकांसाठी बक्षिसाची एकूण रक्कम होती दहा लाख डॉलर, आणि त्याच वर्षी त्याच वयाच्या पुरुषांसाठी चाळीस लाख.

हा खेळच मुळी जुना पापी. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा नवरा १५६७ साली मारला गेला, तेव्हा तिच्या शत्रूंनी तिच्यावर जे आरोप ठेवले, त्यात एक असाही होता की नवरा जाऊन काही दिवस होतात न होतात तोच बाई गोल्फ खेळली! आपल्याकडे असं काही घडलं असतं तर आळीतल्या बायका दुसरं काय बोलल्या असत्या? साडेचारशे वर्षं, सात समुद्र, पण कुजबुज तीच. सेंट अँड्र्यूजचा प्रख्यात क्लब १७५४ सालचा. तिथे बायकांना सभासद करून घ्यायचं ठरलं ते २०१४ साली. आणि आपल्या कलकत्त्याच्या मैदानावर मडमांनी १८९१ सालीच बायकांचा स्वतंत्र गोल्फ क्लब काढून दाखवला होता. दार उघडत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शेजारी दुसरं घर बांधलं. मला या बायका आवडल्या.

आता आमच्या ओटीवरचे आक्षेप. "वयाला शोभेल असं करावं," अध्यक्ष म्हणाले. माझं म्हणणं असं, की बाईच्या वयाला खेळ कधी शोभतो ते एकदा सरकारी पत्रक काढून कळवा. मी शाळेत असताना अलिबागला तालुक्याच्या स्पर्धेत खो-खो खेळलेली बाई आहे. लग्न झालं. पाच वर्षं मंगळागौर, तेवढ्यापुरती फुगडी आणि झिम्मा. सहाव्या वर्षी खेळ संपला. छेचाळीस वर्षं झाली, मी चौकात पाठ करून बसलेली आहे आणि मागून येऊन 'खो' म्हणणारं कोणी नाही. खो-खोत बसलेला खेळाडू खो मिळाल्याशिवाय उठला तर चूक धरतात. म्हणून इतकी वर्षं उठले नाही, एवढंच.

"व्यायाम हवा तर रोज चालायला जा की," आमचे हे म्हणाले. इथे माझा खरा वाद आहे. चालणं हे औषध आहे. योगासनं हे औषध आहे. डॉक्टर सांगतो, सून आठवण करते आणि आपण ते घेतो. कॅरमचा डाव हरल्यावर हे घरी येऊन आमटीला नावं ठेवतात, तो खेळ! हरायचं, जळफळायचं, रात्रभर "तो फटका असा मारायला हवा होता" म्हणत कुशी बदलायच्या, आणि सकाळी पुन्हा जायचं. हे सुख साठीनंतर पुरुषाला आहे, आम्हाला मात्र आरोग्य. म्हाताऱ्या बाईला कोणीतरी हरवावं, खरंखुरं हरवावं, एवढीसुद्धा कोणाची तयारी नाही. सगळ्या जणींना उत्तेजनार्थ वाटी.

तिसरा आक्षेप मात्र खजिनदारांनी शहाणपणाचा काढला. "वहिनी, गोल्फ हा जमीन आणि पाणी पिणारा खेळ. एका मैदानाला शंभर एकरांहून जास्त लागतात. आधीच मुंबईवाल्यांनी किनाऱ्याची वाट लावली आहे." हे मला सोळा आणे मान्य. चैत्र उलटला की आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, पोफळींना शिंपायला पुरत नाही, आणि शेजारच्या बंगल्यात शनिवारी येणाऱ्या मंडळींच्या हिरवळीवर मात्र फवारे उडत असतात. तसलं मैदान इथे कोणी काढायला निघालं तर पहिली आडवी मी पडेन.

पण गोल्फ काही हिरवळीवर जन्मला नाही. तो जन्मला स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, शेत आणि लाटा यांच्या मधल्या रेताड जमिनीवर, जिथे पीक येत नाही आणि मेंढ्या चरतात. आमच्या भाषेत पुळण. ती तर देवाने आम्हाला अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत फुकट दिलेली आहे! पाणी घालायला नको, गवत कापायला नको. दिवसातून दोनदा समुद्र स्वतः सारवून देतो.

समितीने विचार केला. विचाराअंती निर्णय झाला, की गोल्फ घ्यायला हरकत नाही, मात्र तो 'फनी गेम्स' या सदराखाली घ्यावा आणि एकच फटका मारायचा, डोळे बांधून.

मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

मग आम्ही अमावास्या बघितली. आमच्याकडे अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे सकाळी सहाला समुद्र पार आत गेलेला असतो आणि वाळू अशी घट्ट की तिच्यावर बैलगाडी जावी. भाच्याने कोणाच्या तरी टाकून दिलेल्या दोन काठ्या आणि डझनभर चेंडू आणून दिले होते. खड्ड्यांचा प्रश्न माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सोडवला. गोल्फचा खड्डा नियमाने सव्वाचार इंच रुंदीचा असतो. त्यांनी नारळाच्या करवंट्या फूटपट्टीने मोजून नऊ निवडल्या आणि सुरूच्या बनापासून थेट ओढ्यापर्यंत वाळूत पुरल्या. जाऊबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नऊ जाताना, नऊ येताना, झाले अठरा.

पहिल्या तीन फटक्यांत मी फक्त वाळू उडवली. हसू नका, चौथा लागला. चेंडू काठीला नेमका बसला की हातात काही जाणवतच नाही, नुसता एक आवाज येतो. तो आवाज ऐकायला मी सदुसष्ट वर्षं थांबले होते, असं म्हणणार होते, पण तेवढ्यात चेंडू खाडीच्या पाण्यात गेला.

परतीच्या वाटेवर आमची नेहमीची मासेवाली पाटी घेऊन येताना दिसली. "काय गो बायांनो, काय हरवलं?" मी तिच्या हातात काठी दिली. तिने पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि चाळीस वर्षं टोपल्या वाहिलेल्या त्या दंडांनी असा फटका हाणला, की जाऊबाई चेंडू शोधायला निघाल्या त्या सुरूच्या बनातून परत यायला दहा मिनिटं लागली.

"याचं पैसं मिलतान का गो?" तिने विचारलं.

मी तिला डेव्हिसबाईंचे एक लाख ऐंशी हजार डॉलर सांगितले. मग पुरुषांना चौपट असतात तेही सांगितलं. ती पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "म्हंजे तिकरं पन आपल्यासारखांच!"

आता दर अमावास्येला आणि पौर्णिमेला आम्ही सात जणी असतो. चौलच्या दोघी एस.टी.ने येतात, अर्ध्या तिकिटात. वही मी ठेवते. पहिल्या पानावर कार्नरबाईंचे एकोणऐंशी लिहिले आहेत, आणि खाली आमचे. जाऊबाई : वय चौऱ्याहत्तर, फटके एकशे तीन. मी : वय सदुसष्ट, फटके एकशे एकोणीस. मासेवालीचे एकशे एक झाले, पण आधार कार्डावर तिचं वय पासष्ट आहे आणि तिच्या स्वतःच्या हिशेबाने सत्तर, त्यामुळे ती विक्रमापासून छत्तीस फटके दूर की एकतीस, यावर गेले दोन महिने भांडण चालू आहे. जाऊबाई आणि ती एकमेकींशी बोलत नाहीत. कोलंबीसुद्धा आता माझ्या हातून मागवली जाते.

परवा पत्रकाचं छापील मुटकुळं घरी आलं. 'महिला विभाग : फनी गेम्स' तसंच आहे. ह्यांनी ते टेबलावर ठेवलं, कॅलेंडरपाशी जाऊन उगाच दोन पानं उलटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पौर्णिमा गुरुवारी आहे ना? ती काठ्यांची पिशवी जड असते म्हणे."

"जड असते," मी म्हटलं. "पण सहाला निघायचं. आणि फटके मोजताना मध्ये बोलायचं नाही."