बरोबरीचा डाव

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हणजे वर्तमानपत्रे त्याची एका ओळीत बोळवण करतात आणि विशेष काही घडलेच नाही असे गृहीत धरून वाचकही पान उलटतो, याचे मला मनस्वी वाईट वाटते. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्रची ३८ वर्षांची कोनेरू हंपी समोरासमोर आल्या, तेव्हा २६ व २७ तारखेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. आमच्या अंबाजोगाईत मात्र जो भेटे तो निकाल कधी लागणार, एवढेच विचारी.

पहिला डाव मी ओसरीवर पट मांडून खेळून पाहिला. पांढरी मोहरी दिव्याची. तिने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारले, हंपीने तसेच उत्तर दिले, मग दिव्याने उंटापुढचे प्यादे देऊ केले आणि हंपीने ते निःशंकपणे मारले. पुढे दिव्याचे पारडे जड झाले. परंतु जिने २००२ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर किताब मिळविला, तिचा बचाव भेदणे ही सामान्य गोष्ट नव्हे. अखेर ४१ चालींनंतर, चालींच्या पुनरावृत्तीने डाव बरोबरीत सुटला. तीच स्थिती, खेळण्याची पाळीही त्याच बाजूची, असे तिसऱ्यांदा घडले की बरोबरीचा हक्क सांगता येतो. हा नियम आळशांच्या सोयीसाठी नाही, कारण अशा स्थितीत जो पक्ष मार्ग सोडील त्याचेच बहुधा नुकसान होते आणि हे दोघींनीही घड्याळाच्या धाकात अचूक ताडलेले असते. दिवाणी दाव्यात उभयपक्षी कसून युक्तिवाद झाल्यावर दाखल होणाऱ्या तडजोडनाम्याला जी प्रतिष्ठा असते, तीच या बरोबरीला द्यावयास हवी.

२८ तारखेला कोंडी फोडण्यासाठी खेळविलेल्या जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीतच गेला. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, विश्वचषक तिचा झाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. त्या विजयाचा आनंद मलाही अपार झाला. तथापि बीड जिल्ह्यात मुलांच्या स्पर्धा भरविणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की बरोबरीचा हात मिळविला जाताच मोहरी पेटीत भरू देऊ नयेत. दोन्ही मुलांना पटापाशी बसवून, कोठे कोणी काय वाचविले, हे त्यांच्याच तोंडून सर्वांना ऐकवावे.