परिषद भरण्यापूर्वी

दिवाळीच्या सुट्टींत आमचा भाचा परभणीस आला तो हातांत एक जाड वही घेऊनच. तो एका विद्यापीठाच्या ललितकला विभागांत संगीत शिकवितो, आणि निरनिराळ्या विद्यापीठांतील ललितकला विभागांच्या प्रमुखांची एक परिषद परभणीस भरविण्याचें काम त्याच्या शिरावर येऊन पडलें आहे. 'मामा, तुम्हीं सभा-संमेलनें पुष्कळ पाहिलीं आहेत. ही यादी जरा नजरेखालून घाला,' असें म्हणून त्यानें वही आमच्या पुढें ठेवली. वहींत मंडप होता, शाली होत्या, नारळ होते, स्मृतिचिन्हें होतीं. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींच्या साड्यांचा रंगसुद्धां ठरला होता. दुपारच्या जेवणांत पुरणपोळी असावी कीं जिलबी, यावर एक सबंध पान खर्चीं पडलें होतें. शेवटच्या पानाच्या तळाशीं, जागा उरली म्हणून लिहावा तसा, चर्चेचा विषय लिहिलेला होता : 'कला आणि समाज'.

'या विषयावर कोण काय बोलणार?' असें आम्हीं विचारलें.

'कोणीही कांहींही बोलूं शकेल,' तो म्हणाला, आणि स्वतःच हंसला.

हंसण्यासारखी गोष्ट खरी. पण परिषद कशी भरवूं नये हें त्या एका ओळींत आलें आहे. कशी भरवावी हें पाहावयाचें तर आपल्याच माणसाचें उदाहरण शंभर वर्षांमागें घडून गेलें आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद मार्च १९१६ मध्यें बडोद्यास भरविली. सयाजीराव महाराजांचा आश्रय होता; तेव्हां मंडपाची व शालींची चिंता त्यांना नव्हती, असें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु भातखंड्यांची तयारी मंडपापासून सुरू झालीच नव्हती. ती बारा वर्षें आधीं, १९०४ सालच्या दक्षिणेच्या प्रवासापासून चालली होती. मुंबईंत वकिली करणारा हा गृहस्थ. पत्नी गेली, मुलगी गेली, आणि त्यानें न्यायालयाकडे पाठ फिरवून हिंदुस्थान पालथा घातला. जातांना ते बरोबर प्रश्न लिहून नेत. एट्टयपुरम् येथें ते सुब्बराम दीक्षितांना भेटले. १९०७ सालीं नागपूर, कलकत्ता, हैदराबाद केलें. पुढच्या दोन वर्षांत काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, उदेपूर. गांठ पडेल त्या गवयास आणि शास्त्र्यास त्यांचें विचारणें एकाच धाटणीचें असे : तुम्ही हा राग गातां त्याचें लक्षण काय, तें कोणत्या ग्रंथांत आहे, आणि संगीतरत्नाकरांत सांगितलेले स्वर तुम्हांस लावून दाखवितां येतील काय? उत्तरें बहुधा निराशाजनक येत. तींही त्यांनीं रोजनिशींत नोंदून ठेवलीं.

संगीतरत्नाकराचें नांव निघालें कीं आम्हां मराठवाड्यांतल्या लोकांना किंचित् ताठ बसावेंसें वाटतें. तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें तो ग्रंथ लिहिला तो देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरीं असतां. त्याच देवगिरीचें नांव धारण करणारी आगगाडी आज परभणीवरून जाते. आणि शार्ङ्गदेवाची नोकरी कोणती? राजाच्या हिशेबखात्यावरची. हिशेबनिसानें ग्रंथ लिहावा, आणि सुमारें सातशें वर्षांनीं एका वकिलानें त्याचा अर्थ विचारीत गांवोगांव फिरावें, ही गोष्ट विभागप्रमुखांनीं मनावर घेण्याजोगी आहे. आमच्या गांवचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) हेही कचेरींत कारकुनी करीतच कथा-कविता लिहीत. पण तें असो.

या फिरण्याचा एक लाभ असा झाला कीं, भातखंड्यांना माणसें मिळाली. हैदराबादेस काशीनाथशास्त्री ऊर्फ अप्पा तुळशी भेटले. परभणी तेव्हां त्याच राज्यांत होती. हे शास्त्रीबुवा पुढें भातखंड्यांच्या पद्धतीस अनुसरून संस्कृतांत ग्रंथरचना करूं लागले. लखनौकडचे राजा नवाब अली यांनीं तीच पद्धति उर्दूंत नेली. म्हणजे बडोद्यास परिषद भरली तेव्हां प्रश्न आधींच बऱ्याच ठिकाणीं जाऊन पोंचले होते. माणसें त्यांच्या मागून आलीं.

त्या परिषदेंतला एक प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनीं बावीस श्रुतींचा हिशेब गणितानें बसविला होता, आणि त्या हिशेबाप्रमाणें स्वर लावून एक हार्मोनियमही करविली होती. ती पेटी परिषदेपुढें आली. समोर नामांकित ध्रुपदिये बसले होते. पेटीचे स्वर आणि गळ्याचे स्वर ताडून पाहिले, तों दोहोंचा मेळ बसेना. देवलांचे परिश्रम थोडेथोडके नव्हते, आणि त्यांची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कागदावरचा सिद्धान्त आणि जिवंत गळा एका दालनांत, एका वेळीं समोरासमोर आला. पत्रव्यवहारानें हें होत नाहीं, छापील निबंधानें तर नाहींच. माणसांनीं रेल्वेचें भाडें खर्चून एकत्र यावयाचें तें याच एका कामासाठीं.

परिषदेचा अहवाल १९१७ सालीं छापून निघाला. त्यानंतर १९१८ मध्यें दिल्ली, १९१९ मध्यें काशी, आणि १९२४ व १९२५ च्या अखेरीस लखनौ अशा आणखी चार परिषदा झाल्या. राष्ट्रीय संगीत अकादमी काढावी अशी योजना या परिषदांतून मांडली गेली. टाळ्या पडल्या, पण अकादमी उभी राहिली नाहीं. संगीत नाटक अकादमीचें उद्घाटन झालें तें १९५३ सालीं, भातखंडे गेल्यावर सोळा वर्षांनीं. लखनौच्या परिषदांतून मात्र १९२६ सालीं मॅरिस कॉलेज निघालें, आणि तेंच आज भातखंड्यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परिषदेस लोक जमत ते चर्चा ऐकावयास कमी आणि खांसाहेबांना ऐकावयास अधिक. पुढें पुढें तर उत्तर हिंदुस्थानांत 'म्यूझिक कॉन्फरन्स' म्हणजे रात्रभराची मैफल असाच अर्थ रूढ झाला; विद्वानांचे निबंध गळून पडले, तिकिटें राहिलीं. मैफल वाईट असें कोण म्हणेल? पण परिषदेच्या पोटीं मैफल ठेवली कीं ती परिषदेस खाऊन टाकते, हा अनुभव भातखंड्यांसारख्यालाही चुकला नाहीं. म्हणून भाच्याच्या यादींतला 'सायंकाळीं भव्य कार्यक्रम' आम्हीं प्रथम खोडला. त्याचा चेहरा उतरला.

त्या रात्रीं जेवणानंतर त्यानें एक हकीकत सांगितली. त्याच्या विभागांत खेड्यांतून आलेली एक मुलगी होती. घरांत गाणें शिकणारी ती पहिलीच. तोंडी परीक्षेंत तिनें ललित गाइला. कोमल रिषभ, दोन्ही मध्यम, पंचम वर्ज्य आणि धैवत कोमल. आज बहुतेक गवई गातात तसाच. परीक्षकांनीं थाट विचारला. ती म्हणाली, 'मारवा.' पुस्तकांत तेंच आहे, कारण भातखंड्यांनीं ललित मारवा थाटांत घातला आहे. 'मारव्याचा धैवत कोणता?' 'शुद्ध.' 'मग तूं आतां गाइलीस तो कोणता?' मुलगी गप्प झाली.

ज्यांच्या घरीं गाण्याचा व्यासंग नाहीं त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, भातखंड्यांनीं सगळे प्रचलित राग दहा थाटांत, म्हणजे दहा स्वरसप्तकांच्या चौकटींत, बसविले. शुद्ध धैवताचा ललित मारव्याच्या चौकटींत बसतो; कोमल धैवताचा बसत नाहीं. भातखंड्यांनीं आपल्या काळीं ऐकून, विचारून थाट ठरविला. मागाहून आलेल्यांनीं थाट घेतला आणि विचारणें तेवढें सोडून दिलें.

'तिचे गुण कापले गेले तें जाऊं द्या, मामा,' भाचा म्हणाला. 'बाहेर आल्यावर तिनें तोच प्रश्न मला विचारला, आणि मलाही नीट सांगतां येईना. "पुस्तकांत तसें आहे," एवढेंच मीं म्हटलें. पुढच्या वर्षीं तिनें विषय बदलून घेतला.'

आम्हीं म्हटलें, 'अरे, हाच तुझ्या परिषदेचा विषय. कला आणि समाज कशाला हवा?'

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओसरीवर बसून आम्हीं दोघांनीं पत्राचा मसुदा केला. आपल्या विभागांत ललित कोणत्या धैवतानें शिकविला जातो, त्याचा थाट कोणता सांगितला जातो, आणि विद्यार्थ्यानें या दोहोंतील विरोध दाखविल्यास त्याला काय उत्तर दिलें जातें, एवढाच प्रश्न. उत्तर परिषदेच्या एक महिना आधीं यावें. सर्वांचीं उत्तरें सर्वांकडे पाठविलीं जातील. परिषदेंत कोणीही निबंध वाचून दाखवूं नये, तो घरीं वाचून यावें. सर्वांनीं मिळून एकच धैवत ठरवावा असा हट्ट मात्र नको, असें आम्हीं भाच्यास बजावलें. भातखंड्यांना रागांची एकवाक्यता हवी होती, आणि आमच्या अल्पमतीप्रमाणें त्यांच्या परिषदांची सर्वांत अशक्त बाजू तीच होती. कमिटींत कांहींही ठरो, गवई घरीं जाऊन गुरूनें शिकविलें तेंच गाणार. परीक्षेच्या नियमांत दोन्ही ललित नोंदवून, विद्यार्थ्यानें जो गाइला त्याचें कारण सांगितलें म्हणजे गुण द्यावे, एवढें झालें तरी एखादी मुलगी विषय बदलणार नाहीं.

याच प्रश्नाला शिक्षकांच्या नेमणुकीचा प्रश्न चिकटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलींत ललितकलांसाठीं एक निराळी वाट ठेवलेली होती. नामांकित गुरूपाशीं शिकलेला, आकाशवाणीची वा दूरदर्शनची 'अ' श्रेणी मिळविलेला पदवीधर कलावंतही अध्यापक होऊं शकतो. मात्र आपला विषय युक्तिवादानें समजावून देण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं हवें. ही शेवटची अट आम्हांस मोठी मार्मिक वाटली. भातखंडे गांवोगांव गवयांपाशीं तेंच मागत होते. पण हें सामर्थ्य मुलाखतींत पारखावें कसें, हें विभागप्रमुखांनीं एकमेकांना मोकळेपणानें सांगावयास नको काय?

परिषदेस चित्रकलेचे प्रमुखही येणार आहेत. ललिताच्या धैवताशीं त्यांना काय कर्तव्य, अशी शंका भाच्यानें काढली. त्यांचाही धैवत असतोच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत १९५० सालीं ललितकलांची विद्याशाखा निघाली, तेव्हां चित्रकला विभाग ना. श्री. बेंद्रे यांच्या हातीं दिला गेला, आणि ते स्वतः रंगवीत राहून शिकवीत. आज चित्राच्या जोडीला विद्यार्थ्याकडून लेखी टिपण मागतात. चित्र उत्तम आणि टिपण दुबळें, किंवा टिपण सुरेख आणि चित्र निर्जीव, अशा वेळीं गुण कसे देतां, हा प्रश्न त्यांच्या पत्रांत घातला.

आतां जागेविषयीं. परभणीस मोठीं कार्यें पेलत नाहींत असें नाहीं. १९९५ सालीं नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं अडुसष्टावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेंच झालें. पण ही परिषद संमेलन नव्हे. बारा-पंधरा माणसें पुरेत, आणि तीं भोजनालयांत न उतरवितां घरोघरीं उतरवावीं असें आम्हीं सुचविलें. पूर्वीं सभा-परिषदांचे पाहुणे असेच उतरत. सकाळच्या चहावर जें बोलणें होई तें व्यासपीठावर होत नसे. परभणींतील वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं एखादी खोली रिकामी असेल त्यांनीं माघ महिन्यांतल्या तीन दिवसांचा विचार करून ठेवावा. पाहुण्यांना रजया मात्र दोन-दोन द्याव्या लागतील; येथली थंडी वर्तमानपत्रांत छापून येते ती उगाच नव्हे.

आणखी एक फेरफार केला. ललित हा पहाटेचा राग. तो सकाळीं दहा वाजतां, दीपप्रज्वलन आटोपल्यावर, सभागृहांत गाऊन दाखविणें म्हणजे परीक्षेच्या खोलींतली चूक पुन्हां करणें होय. म्हणून पहिली बैठक उजाडण्यापूर्वीं आमच्याच ओसरीवर ठेवली आहे. दोन गवई बसतील, एक शुद्ध धैवताचा ललित गाणारा, एक कोमल धैवताचा, आणि त्यांच्या जवळ वही घेऊन एक लिहिणारा. ध्वनिमुद्रण होईलच, तरी लिहिणारा हवा. सौभाग्यवतींनीं त्या वेळीं चहा देण्याचें कबूल केलें आहे; पुरणपोळीचा निर्णय त्यांच्याच हातीं सोंपविला आहे.

विषय बदललेल्या त्या मुलीसही बोलवावें, असें भाच्याच्या मनांत आहे. तो तिला स्वतः जाऊन सांगणार आहे.

पत्रें अकरा गेलीं. हा मजकूर छापावयास देईपर्यंत चार उत्तरें आलीं आहेत. तिघांनीं प्रवासखर्चाचा दर विचारला आहे. चौथ्या गृहस्थांनीं प्रवासखर्चाचा उल्लेखही न करतां धैवतावर सहा पानें लिहिलीं असून, शेवटीं आपला तंबोरा सोबत आणला तर चालेल काय, असें विचारलें आहे.